अण्णांच्या आरएक्सचा सायलेन्सर

टू-स्ट्रोक गाडीच्या सायलेन्सरला सायलेन्सर म्हणणं हा त्याच्यावर थोडा अन्याय आहे. आवाज कमी करणं हे त्याचं जोडकाम. मुख्य काम इंजिनाला मदत करण्याचं. फोर-स्ट्रोक गाडीचा सायलेन्सर काढून टाकला तर ती कर्कश ओरडेल, पण चालेल. टू-स्ट्रोकचा काढला तर ती ओरडेलही आणि तिच्यातला जीवही जाईल. चढावर दम टाकेल, पिकअप मरेल, पेट्रोल नुसतं बाहेर फेकत राहील. म्हणजे ही नळी इंजिनाचाच एक भाग आहे, फक्त इंजिनाच्या बाहेर लटकलेला.

हे मला २०२३ साली नीट कळलं. त्या वर्षी आमच्या घरातल्या यामाहा आरएक्स १००चा सायलेन्सर खालच्या बाजूने गंजून फुटला आणि दुसरा निवडायची वेळ आली.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. १९९३ची, एमएच-१३ पासिंग. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. आरएक्स १०० आपल्याकडे एस्कॉर्ट्स आणि यामाहाने मिळून १९८५मध्ये आणली आणि १९९६मध्ये बंद केली. ९८ सीसीचं इंजिन, ७५०० आरपीएमला ११ बीएचपी. आजच्या हिशेबाने हे आकडे किरकोळ वाटतील, पण हलक्या अंगावर एवढी ताकद म्हणजे त्या काळी मौज होती. बंद होऊन पाव शतक उलटलं तरी तिच्या मागे वेडे असलेले लोक गावोगाव सापडतात, आणि त्यांच्यामुळेच तिचे सुटे भाग अजून मिळतात. कंपनीचे नाही, बाहेरचे. दिल्लीच्या करोल बागेतून येणारे, कुठल्या तरी शेडमध्ये पत्रा वळवून केलेले, भंगारातल्या गाडीवरून उतरवलेले. कुठल्याच नळीवर लेबल नसतं. विकणारा म्हणतो ‘ओरिजिनल आहे’, आणि आपण मान डोलावतो.

अण्णा सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात पॉवरलूमवर जॉबर होते. ज्यांनी पॉवरलूमची शेड आतून पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो : तिथे बोलता येत नाही. धोटा एका बाजूने दुसऱ्या बाजूला आपटतो, मिनिटाला शंभराहून जास्त वेळा, आणि असे कित्येक माग एका पत्र्याखाली. आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. रोज आठ तास ८५ डेसिबलच्या वर राहणं कानाला धोक्याचं मानतात. अण्णांनी तिथे एकतीस वर्षं काढली. घरी आल्यावर ते मोठ्याने बोलायचे आणि आम्ही त्यांच्याशी त्याहून मोठ्याने. आमच्या बोळात निम्म्या घरांची हीच तऱ्हा, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं की सोलापुरात सगळेच असं बोलतात.

त्यांची कानाची तपासणी मी त्याच वर्षी, बऱ्याच विनवण्या करून, करून घेतली होती. तो आलेख अजून माझ्या फोनमध्ये आहे. २५० हर्ट्झपासून १००० हर्ट्झपर्यंत रेघ बरी चालते. २००० नंतर उतरते. ४००० हर्ट्झला विहिरीत पडल्यासारखी खाली जाते. सततच्या आवाजाने जाणारे कान बहुतेकदा असेच जातात, आधी वरच्या पट्टीतले. भाषेतले स, श, फ हे आवाज वरच्या पट्टीतच असतात. म्हणून अण्णांना ‘सात’ म्हटलं की ‘हात’ ऐकू येतं. बोललेलं ऐकू येतं, पण समजत नाही. दारावरची बेल ऐकू येत नाही. कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. आरएक्स मात्र ऐकू येते.

आता हे दोन धागे, म्हणजे नळी आणि कान, पुढे एकत्र येणार आहेत. त्याआधी नळीच्या पोटात काय चालतं ते बघू.

टू-स्ट्रोक इंजिनात जळालेला वायू बाहेर जाणं आणि ताजं मिश्रण आत येणं जवळजवळ एकाच वेळी घडतं. एसटी स्टँडवर गाडी लागते तेव्हाची आठवण काढा. उतरणारे उतरतायत, तेवढ्यात चढणारे घुसतायत, आणि या रेट्यात चढलेल्यांपैकी दोन-चार जण दुसऱ्या दाराने पुन्हा बाहेर ढकलले जातायत. अशा वेळी तुम्हाला दोन माणसं हवीत. एक, जो आधी उतरणाऱ्यांना हात धरून बाहेर ओढेल. दुसरा, जो दार बंद व्हायच्या ऐन क्षणी बाहेर सांडलेल्यांना पुन्हा आत लोटेल.

ही दोन्ही कामं नळी करते, तेही एकही हलता भाग नसताना. एक्झॉस्ट पोर्ट उघडला की दाबाची लाट नळीतून धावते. पुढे नळी शंकूसारखी रुंद होत जाते. रुंद होणाऱ्या शंकूतून लाट उलटी फिरते ती ओढ बनून, आणि सिलिंडरमधला उरलासुरला धूर बाहेर खेचते. त्याच्या पुढे नळी पुन्हा अरुंद होते. त्या अरुंद होणाऱ्या शंकूवर आपटून लाट परत येते ती धक्का बनून, आणि बाहेर सांडलेलं ताजं मिश्रण पोर्ट बंद व्हायच्या आत सिलिंडरमध्ये लोटते. शेवटी एक बारीक नळी असते, तिच्यातून वायू बाहेर जातो. ती फार बारीक झाली तर उष्णता कोंडते आणि पिस्टन जाम होऊ शकतो.

या आकाराला एक्स्पान्शन चेंबर म्हणतात. आपल्या गॅरेजांत नुसतं ‘चेंबर’. त्याचं शास्त्र बसवण्यात पूर्व जर्मनीतल्या झोपाऊ गावच्या एमझेड कंपनीच्या वाल्टर काडेन या इंजिनिअरचा मोठा वाटा. युद्धाच्या काळात तो क्षेपणास्त्रांवर काम करत होता. पन्नासच्या दशकात त्याने टू-स्ट्रोकच्या नळीतल्या लाटांचा पिच्छा पुरवला. १९६१पर्यंत त्याचं १२५ सीसीचं रेसिंग इंजिन २५ बीएचपी देत होतं, म्हणजे लिटरमागे २००. त्याच वर्षी त्याचा रायडर एर्न्स्ट डेगनर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे पळाला आणि हे ज्ञान घेऊन जपानमध्ये सुझुकीकडे गेला. १९६२मध्ये सुझुकीने ५० सीसी गटाचं विश्वविजेतेपद जिंकलं, रायडर डेगनरच. त्यानंतर हे शास्त्र जपानी टू-स्ट्रोकमध्ये सगळीकडे पसरलं.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. दिवसभर दुसऱ्यांच्या सिस्टीममध्ये ‘रिस्पॉन्स वेळेवर का येत नाही’ हे शोधतो. त्यामुळे हे वाचलं तेव्हा मला ते ओळखीचं वाटलं. प्रश्न फक्त वेळेचा आहे. लाट जाऊन परत यायला किती वेळ लागतो, आणि पोर्ट किती वेळ उघडा असतो?

हिशोब कुणालाही फोनवर करता येईल इतका सोपा आहे. समजा एक्झॉस्ट पोर्ट क्रँकच्या फेरीत १८० अंश उघडा राहतो. ७५०० आरपीएमला या १८० अंशांना ४ मिलिसेकंद लागतात. चारशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या वायूत आवाजाची लाट सेकंदाला ५०० मीटरहून थोडी जास्त धावते. म्हणजे ४ मिलिसेकंदांत साधारण २ मीटर. जाऊन-येऊन २ मीटर, म्हणजे एका बाजूने १ मीटरभर. पिस्टनपासून मागच्या शंकूच्या मध्यापर्यंत अंतर मीटरच्या आसपास असेल तर ती नळी ७५००ला साथ देते. तेच अंतर ८३ सेंटीमीटर असेल तर नळी ९०००ची. त्याखाली ती मदत करत नाही. चार हजारला तर पोर्ट साडेसात मिलिसेकंद उघडा असतो आणि लाट चारच मिलिसेकंदांत येऊन परत गेलेली असते. ढकलणारा माणूस आला, पण गर्दी अजून चढायचीच होती.

याचा अर्थ असा की लेबल नसलेली नळीसुद्धा आपलं नाव सांगते. टेप लावायची फक्त.

दुसरी खूण शंकूच्या उताराची. रुंद होणारा शंकू जितका उभा, तितकी लाट जोरदार, पण तितकाच तिचा पट्टा अरुंद. मधल्या फिरतीत काही नाही, आणि एका जागी अचानक गाडी हातातून सुटल्यासारखी पळते. उतार सौम्य असेल तर कमाल ताकद थोडी कमी, पण ती पसरून मिळते. उतार काढायला शाळेतलं त्रिकोणमिती पुरतं. ३४ मिलिमीटरची नळी ८६ मिलिमीटरपर्यंत १९० मिलिमीटर लांबीत फुगत असेल, तर एका बाजूचा कोन जवळपास ८ अंश. तेवढंच फुगायला ३०० मिलिमीटर घेत असेल तर ५ अंश. पहिली रेसची, दुसरी रस्त्याची.

आमचे मिस्त्री चाचा विजापूर वेशीच्या बाजूला एका बोळात बसतात. आरएक्स, येझदी, जुनी राजदूत यांचं शहरात शेवटचं माहेर तेच. माझी गरज ऐकून त्यांनी माळ्यावरून तीन नळ्या काढल्या.

पहिली काळ्या रंगाची, शंकू उघडे दिसणारी चेंबर. दुसरी चकचकीत क्रोमची, कंपनीच्या आकाराची, नवी कोरी. तिसरी एका मोडीत निघालेल्या गाडीची : क्रोम उडालेलं, पोटाला एक पोचा, मागची जाळी गायब. बरेच जण आवाज वाढावा म्हणून ती जाळी काढूनच टाकतात.

“बोला इंजिनिअरसाहेब, कुठली बांधू?”

“चाचा, मोजून सांगतो.”

“मोजून?” चाचा हसले. “बरं. दोन दिवस घेऊन जा. पण परत आणा.”

चेंबर मोजणं सोपं होतं, सगळं बाहेरच दिसतं. ८३ सेंटीमीटर, ८ अंश. म्हणजे नऊ हजारांची, रेसची. उरलेल्या दोघींचा प्रश्न होता की बाहेरून त्या साध्या लांब नळ्याच. कंपनीचे टू-स्ट्रोक सायलेन्सर बाहेरून साधे दिसले तरी त्यांच्या पोटात शंकूंची रचना दडवलेली असते. कापून बघता येत नाही. मग मी आईकडे किडलेली ज्वारी मागितली.

पद्धत अशी. शेपटीकडचं तोंड फडक्याचा बोळा कोंबून बंद करायचं, नळी उभी धरायची आणि वरच्या तोंडातून १०० मिलिलिटरच्या मापाने ज्वारी ओतायची. दर मापानंतर नळीवर बुक्की मारून दाणे बसवायचे आणि आत तार सोडून ज्वारी किती उंच चढली ते लिहून ठेवायचं. जिथे नळी अरुंद, तिथे एका मापात पातळी ११ सेंटीमीटर चढते. जिथे पोट मोठं, तिथे तेच माप पावणेदोन सेंटीमीटरही चढत नाही. आकारमानाला उंचीने भागा, त्या ठिकाणचं क्षेत्रफळ येतं. क्षेत्रफळातून व्यास. पंचवीस-तीस मापांत नळीच्या पोटाचा नकाशा कागदावर उतरतो. आई शेजारी उभी राहून एवढंच म्हणाली, “ती ज्वारी परत डब्यात टाकू नको म्हणजे झालं.”

चकचकीत नळीत पातळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच हिशोबाने चढली. म्हणजे आत शंकू नाहीतच. बाहेरून कंपनीचा आकार, आतून नुसता डबा. असल्या नळीत लाट कुठून वेळेवर परत येणार? पोचा आलेल्या जुन्या नळीचा आलेख मात्र सुरेख निघाला : हळूहळू फुगणारा ५ अंशांचा शंकू, मग पोट, मग उतरता शंकू, आणि अंतर मीटरच्या किंचित वर. साडेसात हजारांच्या आसपासची. आरएक्स १००ची कमाल ताकद जिथे लिहिलेली आहे तीच जागा.

दोन दिवसांनी मी आकडे घेऊन गेलो. चाचांनी ऐकून घेतले, मग तिन्ही नळ्या एकेक करून टांगल्या आणि पान्याने ठोकल्या. चकचकीत नळी डब्यासारखी खणखणली. जुनी जडपणे ‘ढब्’ म्हणाली. “पत्रा किती थरांचा आहे ते ऐका की,” ते म्हणाले. त्यांना मिनिट लागलं, मला पाच किलो ज्वारी. पण दोघांचं उत्तर एकच आलं, आणि मला ते दोन्ही मार्गांनी आलेलं बरं वाटलं.

ओळखणं इथे संपतं. निवडणं वेगळं असतं.

निवडण्याबद्दल मला सगळ्यात जास्त शिकवलं ते पाण्यावरच्या एका गाडीने. गोव्याला किंवा मालवणला तुम्ही जेट स्की पाहिली असेल, ती बसून चालवायची. तिची थोरली बहीण उभ्याने चालवायची असते : एकटा माणूस, पुढे हलणारा दांडा, पायाखाली फळीएवढी जागा. कावासाकीने सत्तरच्या दशकात ती बाजारात आणली. यामाहाची सुपरजेट तर २०२०पर्यंत टू-स्ट्रोकच होती, ७०१ सीसीची. तिचे शौकीन लोक बाहेरच्या एक्झॉस्ट नळ्यांवर आपल्या आरएक्सवाल्यांइतकेच भांडतात. नळी तीच, काडेनचीच. फक्त होडीच्या पोटात मावण्यासाठी इंजिनाभोवती गुंडाळलेली, आणि थंड राहावी म्हणून तिच्या अंगात पाणी खेळवलेलं. काही नळ्यांत त्यातलं थोडं पाणी सरळ वायूत सोडतात आणि किती सोडायचं ते स्क्रूने ठरवतात. पाणी जास्त, तर वायू थंड. वायू थंड, तर लाट मंद. लाट मंद, म्हणजे तीच नळी जणू लांब झाली आणि खालच्या फिरतीत ताकद देऊ लागली. नळी न बदलता तिची लांबी बदलण्याची ही युक्ती मला फार आवडली.

पण खरा मुद्दा पुढे आहे. त्या जेट स्कीला गिअर नसतात. पाणी लोटणारा पंखा थेट इंजिनाला जोडलेला, आणि पाण्याचा भार सतत. लाटांत कोलांट्या मारणारा माणूस खालून ताकद देणारी नळी निवडतो, सरळ रेषेत शर्यत खेळणारा वरची. एकाची उत्तम नळी दुसऱ्याला कुचकामी. म्हणजे ‘सगळ्यात चांगली नळी कोणती’ हा प्रश्नच अपुरा आहे. तुमचं इंजिन दिवसातला बहुतेक वेळ कुठल्या फिरतीत जगतं, ते आधी सांगा.

अण्णांचं कुठे जगतं हे शोधायला मी फोन वापरला. एका सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन दर फेरीला एकदा पेट घेतं. त्यामुळे आवाजातली मूळ वारंवारता गुणिले ६० म्हणजे आरपीएम. घरून निघून नवी पेठ, तिथून सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने परत, असा अण्णांचा रोजचा फेरा. मी मागे बसलो आणि आवाज रेकॉर्ड केला. घरी लॅपटॉपवर उलगडून पाहिला तर बहुतेक वेळ ४५ ते ७५ हर्ट्झ. म्हणजे २७०० ते ४५०० आरपीएम. कधीतरी हैदराबाद रोडला ट्रक ओलांडताना ६०००. नऊ हजार? कधीच नाही. चार गिअरची गाडी, त्यात सत्तरीकडे झुकलेला रायडर. चेंबर तिच्यावर बांधणं म्हणजे गल्लीत राहून विमानतळाजवळचं भाडं भरणं.

मला वाटलं विषय मिटला. अण्णांना तसं वाटत नव्हतं.

त्यांच्या एका जुन्या सोबत्याच्या मुलाने आपल्या आरएक्सला चेंबर बसवली होती, जाळीबिळी काही नाही. ती गाडी बोळात शिरली की पलीकडच्या घरातलं तान्हं बाळ दचकून उठायचं. अण्णांना मात्र ती आवडायची.

“काय गोड वाजती रे ती,” ते म्हणाले. “आपल्यालाबी तसलीच लाव की.”

“अण्णा, कानठळ्या बसतात तिच्यानं.”

“कानठळ्या? मला तर काय एवढी मोठी वाटत नाही.”

मी त्यांच्याकडे बघत राहिलो, आणि मग त्यांच्या तपासणीचा आलेख उघडला. दुसऱ्या खिडकीत त्या मुलाच्या गाडीचं रेकॉर्डिंग उलगडलं. खाली इंजिनाचे मूळ ठोके, आणि त्याच्या वर २००० हर्ट्झपासून पुढे तडतडणाऱ्या आवाजाचा भलामोठा डोंगर. बाळाला उठवणारं, शेजाऱ्यांचं डोकं उठवणारं जे काही होतं, ते त्या डोंगरात होतं. आणि तो डोंगर नेमका अण्णांच्या विहिरीवर उभा होता. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना त्या गाडीतला फक्त गोड भाग ऐकू येत होता.

याच्यात रागावण्यासारखं काही नव्हतं, पण मला त्या रात्री झोप आली नाही. शहर ज्या मागांवर उभं राहिलं त्यांनी माणसाचे कान असे नेले की त्याचा आवाज दुसऱ्याला किती लागतो हेही त्याला कळू नये. पॉवरलूमच्या शेडमध्ये कुणी त्यांना कानात घालायला साधा बोळाही दिला नव्हता. आणि आता त्या माणसाला ‘तुझा आवाज होतो’ असं मी सांगायचं होतं.

कायद्याचा मुद्दा होताच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल गाडीत करता येत नाहीत. आवाजाचे निकष मोडले तर कलम १९० खाली २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. शिवाय खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. १९९३च्या गाडीची ती पाळी नेमकी त्याच वर्षी होती. चेंबर लावून आरटीओसमोर उभं राहायचं म्हणजे गाडी गमवायची तयारी ठेवायची.

पण अण्णांना कलमं सांगून ‘नाही’ म्हणणं मला पुरेसं वाटेना. त्यांना ऐकू येणाऱ्या गोष्टी मोजक्या उरल्यात. त्यातली एक मी कमी करायची का?

उत्तर त्या गायब जाळीत निघालं. सायलेन्सरच्या शेवटी भोकं पाडलेली एक नळी असते, बॅफल. तिच्याभोवती ग्लासवूल गुंडाळलं की ते आवाज शोषतं. मात्र सगळे सारखे नाही. वरच्या पट्टीतले आवाज ते भरपूर खातं. खालच्या पट्टीतल्या ठोक्यांना फारसा हात लावत नाही, कारण त्यांच्या लाटा त्याच्या जाडीच्या मानाने फार लांब असतात. आणि बॅफलचं भोक शेवटच्या बारीक नळीहून लहान ठेवलं नाही, तर शंकूंच्या वेळेच्या गणितालाही फारसा धक्का लागत नाही.

म्हणजे शेजाऱ्यांना जे ऐकू येतं आणि अण्णांना येत नाही, ते जाणार. अण्णांना जे ऐकू येतं, ते राहणार.

चाचांनी पोचा आलेली जुनी नळी सोड्याने धुतली, आतला काजळीचा थर भाजून काढला, पोचा ओढून सरळ केला. नवं बॅफल ग्लासवूल गुंडाळून, तारेने आवळून बसवलं. गाडी दहा किलोमीटर फिरवून स्पार्क प्लग काढून पाहिला. टोक चहाच्या रंगाचं. पांढरट निघालं असतं तर पेट्रोल कमी पडतंय असं समजून कार्ब्युरेटरचा जेट बदलावा लागला असता, नाहीतर पिस्टन पकडला असता. तुम्ही कधी नळी बदलली तर हे पाहिल्याशिवाय लांब जाऊ नका.

मी त्याच फोनने, त्याच जागी उभं राहून पुन्हा रेकॉर्ड केलं. वरचा डोंगर सपाट झाला होता. खालचे ठोके जवळजवळ होते तसेच. अण्णा एक चक्कर मारून आले.

“बरी हाय,” ते म्हणाले. “चेंबरवानी नाही. पण आपली वाटती.”

नूतनीकरण झालं. गाडी आता २०२८पर्यंत कायदेशीर.

पुढच्या दिवाळीनंतर अण्णा श्रवणयंत्र लावून बघायला तयार झाले, ‘महिनाभर वापरून परत करता येतं’ या एका अटीवर. पहिल्या दिवशी ते घरभर नुसते फिरत होते. पंख्याचा आवाज येतो म्हणाले. आई एवढी ओरडते का म्हणाले. संध्याकाळी तो चेंबरवाला मुलगा बोळात शिरला तेव्हा त्यांनी चटकन हात कानाकडे नेला आणि यंत्र काढलं. काही बोलले नाहीत. मीही नाही.

मग त्यांनी आपली गाडी काढली, यंत्र पुन्हा लावलं आणि किक मारली. इंजिन लागलं. अण्णा मान वाकडी करून ऐकत राहिले. मी वाट बघत होतो, सायलेन्सरबद्दल आता काहीतरी बोलतील. त्यांनी गाडी बंद केली, मागे जाऊन वाकले आणि बोटाने नंबर प्लेट हलवून पाहिली.

“हिचा नट ढिला हाय की रे. खडखड खडखड वाजतीय. कधीपासनं?”

दहा वर्षं तरी झाली असतील. मी आत जाऊन दहाचा पाना आणला.